वाचकांचे प्रश्न : स्मारकापलीकडचे युद्ध

प्रश्न : अपशिंगे मिलिटरी येथील पहिल्या महायुद्धाचे स्मारक पाहिले. परक्या भूमीवरील त्या युद्धाचा आपल्या समाजावर काय परिणाम झाला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : या एका गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. लहानशा गावात ४६ म्हणजे जवळजवळ प्रत्येक भावकीत एक सुतक, आणि तेही बहुधा मृतदेह न पाहता धरलेले. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत येथे मराठा पलटणी सुमारे पाच महिने तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकल्या होत्या. रसद संपल्यावर घोडे कापले गेले, तरी अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेने ते मांस दीर्घकाळ नाकारले, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करावी लागली. कैदेत उपासमारीने मेलेल्यांची आठवण मला अधिक अस्वस्थ करते, कारण शौर्याच्या कथांत त्यांना क्वचितच जागा मिळते.

घरी राहिलेलेही सुटले नाहीत. धान्य महागले, आणि १९१८ मध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबईत उतरलेल्या इन्फ्लुएन्झाने देशभर एक कोटीहून अधिक बळी घेतले. युद्धात पडलेले हिंदी सैनिक सुमारे ७४,००० होते. शिपायामागे शेत कसणाऱ्या स्त्रियांचे कष्ट मात्र कोणत्याही दगडावर कोरले गेलेले नाहीत.