आधी मांड, मग लगाम

प्रश्न : काका, लहानपणी वडिलांच्या घोडीवर मी बिनखोगीर रपेट मारायचे. गेल्या पावसाळ्यात चिखलात घोडी घसरली, मी पडले. डॉक्टर म्हणतात, आता बसायला हरकत नाही. पण घोडी दुडकीला, म्हणजे हलक्या धावेला, लागली की माझ्या मुठी लगामावर आवळतात, मग ती मान झटकते, थयथयते. माळेगावच्या यात्रेतून आणलेली, आधी वरातीत होती. विकून टाकू का?
– एक वाचक, लोहा तालुका

उत्तर : ताई, विकू नका. वरातीच्या घोडीला बहुधा हेच शिकवलेलं असतं : लगाम ताणला की जागच्या जागी पाय उचलायचे. तुम्ही घाबरून ओढता, ती बिचारी नाचते, तुम्ही आणखी ओढता. तेव्हा सध्या लगाम तुमच्या हातातच नको.

घोडी जाणत्या माणसाच्या हाती द्या. तुम्ही पाठीवर बसायचं, आणि त्यानं मोरकीला, म्हणजे तिच्या डोक्यातल्या दोरीच्या बंधाला, लांब दोर बांधून तिला गोल फिरवावं. लगामाला गाठ मारून तो मानेवर ठेवा. मानेभोवती एक चामडी पट्टा बांधा. तोल गेला तर तो धरायचा, लगाम नाही. काळ्या रानात हे करू नका. पावसात ते निसरडं, उन्हाळ्यात भेगाळलेलं. मुरमाड जागा बघा. आणि डोक्यावर हेल्मेट हवंच, इथं मी कुणाचंही ऐकत नाही.

पहिले काही दिवस फक्त चालीवर. बैठकीची दोन्ही हाडं खोगिरात टेकलेली जाणवली पाहिजेत. घोडीचा मागचा पाय पुढं येतो तशी तुमची कंबर त्या बाजूनं हलते, तिला अडवू नका. गुडघ्यांनी खोगीर आवळलंत तर बैठक वर उचलली जाते आणि तोल पुढं जातो. पडायची खरी भीती तिथंच. नजर घोडीच्या कानांपलीकडं ठेवा. एक हात कमरेवर, दुसरा आडवा पसरा, मग हात बदला. जमलं की रिकिबीतून पाय काढा. आणि जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मोठ्यानं म्हणा. घाबरलेला माणूस श्वास कोंडतो आणि अंग ताठरतं. गाताना श्वास कोंडता येत नाही.

दुडकी त्यानंतर, तीही अर्धा फेरा, आणि पुन्हा चाल. मन कचरलं तर त्या दिवशी चालीवरच थांबा, त्यात कमीपणा नाही. हात मोकळे ठेवून पूर्ण फेरा निवांत झाला की लगाम घ्या, पण घोडीच्या तोंडाला हिसका बसणार नाही इतका सैल. थांबवायचं असेल तेव्हा आधी श्वास सोडून बैठक जड करा, मग बोटं मिटा. नाचकामाची सवय मोडायला तिलाही वेळ लागेल, तो तिला द्या.