आधी माग

चि. बाळ,
येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचून आधी राग आला तो कन्व्हेन्शनच्या, आपल्या मंडळ्यांच्या त्या मोठ्या सभेच्या, पाहुण्या वक्त्याचा. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणायला जीभ कशी उचलते माणसाची? पण पुढचं पान वाचलं आणि राग तुझ्यावरही आला. तू लिहितेस, ‘आता मी काही मागतच नाही, बाई. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो एवढंच म्हणते आणि झोपते.’ आणि वर विचारतेस, ही परिपक्वता ना? कसली परिपक्वता! मागून पुन्हा तोंडघशी पडायला नको म्हणून तू मागणंच बंद केलं आहेस.

मत्तयाचा 26 वा अध्याय काढ. गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, प्रभू आधी काय म्हणाला? हा प्याला माझ्यावरून टळून जावो. मग म्हणाला, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि एकदा म्हणून उठला नाही, तीनदा गेला. पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर जायची सवलत त्यानं स्वतःला दिली नाही, तर तुला कुणी दिली? आधी माग. रक्ततपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा सांगून माग. डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला नीट चालावा, मावशीची किडनी जुळावी, ऑपरेशनच्या पैशांची सोय व्हावी, एकेक नाव घेऊन माग. त्याला सगळं ठाऊक आहे हे मलाही कळतं. पण ठाऊक असलेलंच त्यानं आपल्याकडून मागवून घेतलंय, रोजच्या भाकरीपासून.

विश्वास किती लागतो, हा तुझा दुसरा प्रश्न. प्रेषितांची कृत्ये, 12 वा अध्याय. प्रभूचा शिष्य पेत्र तुरुंगात, दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांनी जखडलेला. इकडे मार्कच्या आईच्या घरी मंडळी रात्री प्रार्थनेला जमलेली. तो सुटून दारात येतो, रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत सांगायला धावते. प्रार्थना करणारे काय म्हणतात? तुला वेड लागलंय! बाहेर पेत्र दार ठोठावतोय आणि आत त्यांचा वाद चाललाय. हा त्यांचा विश्वास. तरी उत्तर दारात उभं होतं. तेव्हा विश्वासाचं माप काढणाऱ्या त्या वक्त्याला हा अध्याय एकदा वाचायला दे.

पण अध्यायाची सुरुवात कुणी वाचून दाखवत नाही. पेत्राच्या आधी हेरोदानं योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीनं मारलेलं असतं. त्याच्यासाठी कुणी मागितलंच नसेल, असं मला वाटत नाही. एक सुटला, एक गेला, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक त्याचं कारण देत नाही. उपदेशक देतात. लूक देत नाही.

जॉर्ज म्युलरचंही तसंच. इंग्लंडात ब्रिस्टलच्या त्याच्या अनाथाश्रमात सकाळी खायला काही नव्हतं आणि दारात पाव आला, दूध आलं, ही गोष्ट आपल्या व्यासपीठावरून तू कितीदा ऐकली असशील. त्याच माणसानं 1844 मध्ये पाच जणांच्या तारणासाठी रोज मागायला सुरुवात केली. पहिला दीड वर्षानं आला. 36 वर्षांनंतरही दोघे आलेले नव्हते आणि हा मागतच होता. ही गोष्ट सांगितली तर दानपेटी तितकी भरत नाही, दुसरं काय!

त्या म्युलरचं वाचूनच पंडिता रमाबाईंना हिंमत आली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली त्यांनी केडगावला आणल्या. (दौंडकडचं केडगाव, आपल्या नगरचं नव्हे, सहलीला तुम्ही पोरांनी हाच घोळ घातला होता.) 1905 च्या जानेवारीत मुलींना घेऊन रोजची प्रार्थना सुरू केली आणि जूनअखेर मुक्तीत, म्हणजे त्यांच्या केडगावच्या आश्रमात, संजीवन आलं, विश्वास नव्यानं जागा झाला. आणि मनोरमा? एकुलती एक लेक, मुक्तीचं काम पुढं सांभाळायची ती, 1921 मध्ये गेली. आईनं तिच्यासाठी मागितलं नसेल? त्यानंतर रमाबाईंनी बायबलचं भाषांतर संपवलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. ज्या देवानं मुलींना धान्य दिलं त्यालाच त्या शेवटपर्यंत धरून राहिल्या. लेकीच्या जाण्याला मी त्यांच्या वतीनं गोड नाव देणार नाही.

आता माझं ऐक. माझ्या थोरल्या भावाची दारू सुटावी म्हणून मी वर्षानुवर्षं मागितलं. बुधवारच्या सभेत, सगळ्यांसमोर, नाव घेऊन. लोक म्हणाले, घरातलं चव्हाट्यावर आणते. वहिनी आपल्या चर्चला येईनाशी झाली. आजही बाजारात दिसली की नजर फिरवते. ते मला लागतं. पण मग मी काय करायला हवं होतं? ‘आजारी भाऊ’ म्हणून आडून आडून मागायचं? सगळ्या गावाला दिसत होतं, तो रस्त्यात पडायचा तेव्हा, मग देवापुढंच का झाकायचं? दादा गेला तेव्हा दारू सुटलेली नव्हती. पुरून आल्यावर महिला मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, ‘सुटला बिचारा. प्रभूनं ऐकलं तुमचं.’ मी म्हटलं, हे मी मागितलं नव्हतं. त्या दुखावल्या. पाळकसाहेबांनीही नंतर मला समजावलं, जरा सौम्यपणे घ्या म्हणून. मला अजून वाटतं मी बरोबर होते. तो ऐकतो यावर माझा भरवसा आहे, म्हणूनच त्यानं न दिलेलं उत्तर मी त्याच्या नावावर खपवत नाही. तूही खपवू नकोस. ‘आईला त्रास व्हावा हीच त्याची इच्छा असेल’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य खोड. तुला कुठून कळली त्याची इच्छा?

मग भरवसा कशाचा, म्हणशील. इब्री लोकांस पत्र, पाचवा अध्याय, सातवं वचन. प्रभूनं मरणातून तारणाऱ्याकडे आक्रोश करत, रडत प्रार्थना केली आणि त्याचं ऐकलं गेलं, असं तिथं लिहिलंय. ऐकलं गेलं! प्याला तर टळला नव्हता. वधस्तंभ झाला, कबर झाली, आणि तिसऱ्या दिवशी बापानं उत्तर दिलं. या एका वचनावर मी दादाच्या मातीनंतरची वर्षं काढली आहेत. याहून सोपं काही माझ्याकडे नाही.

आणि रोज ‘आभारी आहे, प्रभू’नंच सुरुवात करायची असंही नाही. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही, तरी ते आपल्या बायबलात आहे. रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर तेच वाच. चिडून वाच. पण वाचून झालं की माग.

बुधवारच्या सभेत आईसाठी मागू का, कळव. नुसतं नाव घ्यायचं की आजाराचंही सांगायचं, हे आईला विचार, तू ठरवू नकोस. ती नको म्हणाली तर मी घरीच मागेन. मावशीच्या क्रॉसमॅचचा, किडनी जुळते का त्या तपासणीचा, रिपोर्ट आला की रात्र असली तरी फोन कर. आणि त्या वक्त्याला मेसेज पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, पुढच्या कन्व्हेन्शनच्या कमिटीत मी आहे.

तुझी,
संडे स्कूलची बाई