‘मॅडम, मी निर्दयी झालेय का?’

खुर्चीत बसल्या बसल्या सिस्टरांनी विचारलं. मेडिकल वॉर्डात अकरा वर्षं स्टाफ नर्स. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) “चार नंबर एक्सपायर झाला. मुलगी रडत होती आणि माझ्या मनात आलं, आता फाइल पुरी करण्यात तासभर जाणार.” त्या विचाराचीच त्यांना भीती बसली होती.

दवाखान्यात काम करणारी कितीतरी माणसं हेच विचारत येतात. झोप, भूक, जगावंसं वाटतं की नाही, हे मी आधी नीट विचारून घेतलं. नैराश्य दिसलं असतं, तर पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. हे बर्नआउट होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: गळून जाणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. म्हणून मी मनाआधी ड्युटीचा तक्ता मागते. नोटीस बोर्डावर ध्यानधारणेचं पत्रक लावून हे सुटत नाही.

तक्त्यात दिसलं ते असं. संध्याकाळची ड्युटी नऊला संपते, पुढच्या पाळीच्या सिस्टरांना रुग्णांची माहिती, म्हणजे ओव्हर, देईपर्यंत साडेनऊ, घरी सव्वादहा, आणि सकाळी सातला पुन्हा हजर. महिन्यात पाच वेळा! मग आठवडाभर त्यांनी वहीत टिपलं: इंजेक्शनं भरताना फोन, नातेवाइकांचे प्रश्न, बीपीचं मशीन शोधणं. औषधांची एक फेरी सात वेळा तुटलेली.

ती वही घेऊन त्या इन्चार्ज सिस्टरांकडे गेल्या. जायला दोन आठवडे लागले, ‘कामचुकार म्हणतील’ या धास्तीने. इन्चार्जनी संध्याकाळनंतर लगेच सकाळ लावणं बंद केलं. औषधांच्या वेळी फोन मावशी घेतात, नातेवाइकांशी बोलायची वेळ ठरली. जास्तीची माणसं मात्र मिळाली नाहीत. त्या मागणीचा अर्ज पडून आहे आणि तो लावून धरायलाच हवा.

तीन महिन्यांनी त्या आल्या. थकवा होताच. बोलता बोलता “नऊ नंबर” म्हणाल्या, थांबल्या. “नऊ नंबरच्या आजी. म्हैस व्यायला आलीय, म्हणून घरी जायची घाई झालीय त्यांना.”