राजीनामा लिहिण्याआधी

ताई, मी नागपुरात भूगर्भशास्त्र शिकवतो, वय 38. डिपार्टमेंटमध्ये रिसर्च पेपर मोजतात, बाकी वेळ कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलींत जातो. रविवारी चर्चमध्ये थट्टा होते, ‘दगड शिकवून आत्मे वाचतात का?’ माझं पाचारण (देवाचं बोलावणं) चुकलं का? नोकरी सोडून पूर्णवेळ चर्चच्या सेवेत जाऊ का?
– एक वाचक, सदर, नागपूर

भाऊ, तुमचं चार पानी पत्र (वर थोडक्यात दिलंय) दोनदा वाचलं. बढती, त्यासाठी मोजले जाणारे गुण, पैसे घेऊन पेपर छापणाऱ्यांचे मेल. वैताग खराच आहे. पण तिसऱ्या पानावर तुमचं अक्षर एकदम मोकळं झालंय. फील्डवर काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधल्या गाळात गडचिरोलीच्या विद्यार्थिनीला गोगलगाईचा शंख सापडला, ती ओरडली आणि तुम्ही पोरांसारखे धावत गेलात. त्या अर्ध्या पानात पाचारणाची शंका कुठेच नाही.

तुमच्या शहरात 1883 पासून ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून आले. शाळा काढली, गोंडांची गाणी उतरवून घेतली आणि नागपूरच्या टाकळीचे जीवाश्मही गोळा केले. हिस्लोपाइट हे खनिज त्यांच्याच नावाचं. 1863 च्या सप्टेंबरात नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना ते पूर आलेल्या नाल्यात बुडाले. त्या दिवशी ते सेवेवर होते की अभ्यासावर? मला तरी वेगळं काढता येत नाही. (त्यांच्यामागे नॅक नव्हतं, हे कबूल.)

थट्टा करणाऱ्यांना बायबलमधलं 111 वं स्तोत्र वाचायला सांगा. परमेश्वराच्या कृती ज्यांना आवडतात ते त्यांचा शोध घेतात, असं त्यात आहे. केंब्रिजच्या जुन्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या दारावर तीच ओळ कोरलीय. मात्र वर्गाचं प्रवचनाचं व्यासपीठ करू नका. पोरं दगड शिकायला येतात.

आणि पूर्णवेळ सेवेत मीटिंगा, हिशेब, मंडळीतले रुसवेफुगवे नसतात असं वाटत असेल, तर एकदा पाळकीणबाईंशी चहा घ्या. तरीही जावंसं वाटलं तर जरूर जा. फक्त कंटाळून पळू नका.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, मला तीच टोचली. गडचिरोलीच्या त्याच मुलीच्या प्रबंधातलं एक प्रकरण चार महिने तुमच्या टेबलावर पडून आहे. या शनिवारी ते वाचा, समासात खुणा करा, सोमवारी तिला बोलवा. राजीनाम्याचं नंतर बघू.