पॅकेज टाकण्याआधी जरा थांब

अरे, प्रत्येक बारीकसारीक कामासाठी एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं ऑनलाइन भांडार) पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड, ओढत बसू नकोस. मार्च २०१६मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रागाच्या भरात काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायची प्रक्रिया, धडाधड कोसळले. नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरसाठी बदलून देणारं बेबलसुद्धा त्यावरच टेकून होतं. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा जोडायच्या! पुढच्याच वर्षी जावास्क्रिप्टमध्येच तेच काम करणारं 'पॅडस्टार्ट' आलं. तेव्हा आधी एमडीएन (जावास्क्रिप्टची माहिती देणारी वेबसाइट) उघड, हवं ते भाषेतच आहे का बघ. टाइमझोन आणि एन्क्रिप्शन मात्र स्वतः लिहायला जाऊ नकोस, तिथे भलेभले आपटतात. आणि हो, पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी पॅकेज-लॉकची फाइल गिटमध्ये (कोडमधले बदल जपणारं साधन) कमिट कर, म्हणजे नोंदवून ठेव; उतरवलेली पॅकेज जिथे साठतात ते नोड-मॉड्यूल्सचं अवाढव्य फोल्डर नको.