वाचकांचे प्रश्न : बारा हर्ट्झ गेले कुठे?

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला फंक्शनली ग्रेडेड पट्टी घेतली आहे. खालच्या पृष्ठावर ॲल्युमिनियम, वरच्या पृष्ठावर ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, एक सिरॅमिक) आणि जाडीभर एकसारखं बदलत जाणारं मिश्रण. लांबी ३०० मिमी, जाडी १० मिमी, एक टोक पक्कं आवळलेलं. दोन्ही पदार्थांची सरासरी धरून पट्टीच्या कंपनाची पहिली (सर्वांत कमी) नैसर्गिक वारंवारता काढली, ती आली १४९ हर्ट्झ. सॉफ्टवेअर १३७ दाखवतं. मेश (सॉफ्टवेअर पट्टीचे जे छोटे तुकडे पाडतं ती जाळी) बारीक करून पाहिला, तरी तेच. चूक कुणाची? आणि पट्टी उलटी आवळली तर आकडा बदलेल का?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : चूक तुझी. पण लाजू नकोस, हीच चूक मी भर वर्गात फळ्यावर केली होती आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने ती पकडली.

ॲल्युमिनियमचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताणायला पदार्थ किती ताठ आहे याचं माप, ७० गिगापास्कल, ॲल्युमिनाचा ३८०, सरासरी २२५. घनता २७०० आणि ३८०० किलो प्रति घनमीटर, सरासरी ३२५०. इथवर सगळं बरोबर. घोळ पुढे आहे. पट्टी वाकताना जो थर ना ताणला जातो ना दबतो, तो तू बरोबर मधोमध धरलास.

आकाशकंदिलाची एखादी कामटी घे आणि तिचं कापलेलं टोक उजेडात बघ. हिरव्या सालीकडे धागे खच्चून भरलेले, आत विरळ होत गेलेले. सालीची बाजू सहज ताणली जात नाही, म्हणून तो न ताणलेला थर, म्हणजे आपला न्यूट्रल ॲक्सिस, तिच्याकडे सरकतो. पट्टी वाकते ती कमीत कमी जोर लागेल अशीच; तुझ्या मध्यरेषेचं तिला काय?

तो किती सरकला, हे हातानेच काढ. प्रत्येक थराचा मॉड्युलस गुणिले मध्यापासूनचं अंतर, यांची बेरीज. तिला नुसत्या मॉड्युलसच्या बेरजेने भाग. (बेरीज म्हणजे इंटिग्रेशन, हे तुला सांगायला नको.) उत्तर येतं सुमारे १.१५ मिमी, ॲल्युमिनाच्या बाजूला. आता वाकण्याचा ताठपणा या नव्या रेषेपासून मोज, तो तुझ्या आकड्यापेक्षा जवळजवळ १६ टक्के कमी भरेल. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाने बदलते, म्हणून ती ८ टक्क्यांच्या आसपास घटते. झाले १४९ चे १३७.

पडताळा म्हणून दोन्ही टोकाचे आकडेही काढून ठेव : नुसतं ॲल्युमिनियम ९१ हर्ट्झ, नुसतं ॲल्युमिना १८०. पट्टी ६०–७० मिमीवर आणलीस तर मात्र कातर विकृती (थर एकमेकांवरून सरकल्याने येणारा वाक) धरावी लागेल, तिथे हे साधं सूत्र लंगडं पडतं.

उलटी आवळलीस तरी १३७ च. न्यूट्रल ॲक्सिस ॲल्युमिनाबरोबरच फिरतो. फरक पडतो तो एका बाजूने उष्णता दिल्यावर, आणि हा पदार्थ जन्मला त्याचसाठी. १९८४ मध्ये जपानात सेंदाईच्या संशोधकांना अंतराळविमानासाठी असं कवच हवं होतं, जे जेमतेम १० मिमी जाडीत तापमानातला १००० केल्विनचा फरक सोसेल. सिरॅमिकचा थर धातूवर नुसता चिकटवला तर दोन्ही कमीजास्त प्रसरण पावतात आणि जोडावरून सुटतात. म्हणून जोडच ठेवायचा नाही, ही त्यांची युक्ती. तेव्हा खालून हीटर लावणार असशील, तर ॲल्युमिनाची बाजू खाली ठेव.