बाळ पाच आठवड्यांचं आहे, सासूबाईंनी घेतलं की लगेच गप्प होतं आणि मला सतत वाटतं की मला आई होणं जमतच नाहीये. असं कुणाला झालंय का?

ताई, मला झालंय. आमच्याकडे देवगडच्या बाजूला, ऐन पावसात बाळंतपण, नवरा मुंबईत नोकरीला, आणि बाळ बघायला रोज कोणी ना कोणी यायचं ते जाताना एक शेरा मारूनच जायचं. बारीकच दिसतंय, दूध पुरत नसेल, वरचं सुरू करा. दिवसभर हे ऐकायचं आणि रात्री दोनला बाळ रडायला लागलं की तेच डोक्यात फिरत बसायचं.

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंनी घेतलं की बाळ लगेच गप्प होतं. अहो, त्या रात्रभर झोपलेल्या असतात! तुमच्याकडे आलं की त्याला दुधाचा वास येतो, मग ते मागणारच, त्यात तुमचं काय चुकलं?

माझं मत विचाराल तर कॉन्फिडन्स वगैरे नंतर बघू, आधी मोजता येतं ते मोजा. या वयात चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय, विषय संपला. आमच्याकडे पडवीतली दोरी भरलेली, लंगोट वाळत नाहीत म्हणून शेगडीवर धरून सुकवतोय, आणि त्याच घरात दूध कमी पडतंय यावर चर्चा!! आशाताईंच्या (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) घरी भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात, म्हणजे तुमची शेवटची राहिलीये. त्यांना वजन करायला सांगा, कार्डावर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी कोणी काकी "बारीक दिसतंय" म्हणाल्या की ते कार्ड त्यांच्या हातात द्या. मी द्यायचे.

रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं, म्हणजे तुम्ही आत्ता नेमक्या त्यातच आहात. फक्त अंग १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त तापलं किंवा बाळ दूधच ओढत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे. आणि सहा महिने घुटी, पाणी काहीच नको, मध तर वर्षभर नको, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता जरा सिरीयस. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं कॉमन आहे, पण तुमचे पाच झालेत. बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर एक मिनिट थांबू नका, घरातल्या कुणाला तरी तिथल्या तिथे सांगा आणि दवाखाना गाठा.

नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर "का रडतंय" विचारत बसू देऊ नका, आमचा कोकणकन्येने आला की त्या दोन रात्री ढेकर काढणं, लंगोट बदलणं सगळं त्याच्याकडे, मी फक्त पाजायला उठायचे. आणि मालिश-आंघोळ सासूबाई आवडीने करतायत तर खुशाल करू द्या, तेवढा वेळ तुम्ही दार लावून झोपा.